गाठ मारलेला हातमोजा

१

विशाखानं हातमोज्याची गाठ नखांनी सोडवली आणि तो माझ्या इस्त्रीच्या टेबलावर उपडा केला. पडायला हवं होतं मंगळसूत्र. पडली ती इंजेक्शनच्या बाटल्यांची पत्र्याची पाच झाकणं आणि कापसाचा एक बोळा.

तिनं हातमोजा झटकला. मग त्याचं एकेक बोट दाबून बघितलं.

"मावशी, हे काय आहे?"

काय सांगणार? मी या दवाखान्यात कपड्यांची खोली सांभाळते. चौदा वर्षं झाली. ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे ओटीच्या, हिरव्या चादरी माझ्याकडून धुतलेल्या, घडी घातलेल्या जातात आणि रक्तानं माखून माझ्याकडंच परत येतात. मोजून देते, मोजून घेते. नाव मनकर्णाबाई, पण मला नावानं हाक मारणारं इथं कुणी नाही. मोठा आरसा फक्त माझ्या खोलीत, म्हणून ड्यूटी संपली की सिस्टर लोक डागिने घालायला माझ्याकडंच येतात.

ओटीत जाताना बाईच्या गळ्यात, हातात काही चालत नाही. आणि घरी सासूला गळा मोकळा चालत नाही. विशाखाचं लग्न होऊन दोन महिने झालेले. सिल्लोडच्या सासूबाई बरोबर दोनला तिला घ्यायला येणार होत्या. मधल्या तासांत हे सोनं ठेवायचं कुठं? कपडे बदलायच्या खोलीत आठ लॉकर आहेत आणि कुलूप एकालाही नाही. तीन अर्ज मी माझ्या हातानं लिहिले. आमच्या मॅनेजरांनी, नानासाहेबांनी, कुलपं दिली नाहीत. पाटी दिली: 'मौल्यवान वस्तूंची जबाबदारी ज्याची त्याची.'

मग सिस्टर लोकांनी स्वतःचं डोकं चालवलं. डागिना हातमोज्यात घालायचा, गाठ मारायची, वर पेनानं नावाचं अक्षर काढायचं आणि लॉकरच्या कोपऱ्यात टाकून द्यायचं. दवाखान्यात गाठ मारलेला हातमोजा म्हणजे कचरा. कचऱ्याला हात कोण लावतंय?

टेबलावरच्या हातमोज्यावर 'वि' होतं. पेनानंच लिहिलेलं.

"अक्षर तुझं आहे?"

"माझ्यासारखं आहे." ती दोन पावलं मागं सरकली. "पण माझं नाही, मावशी."

दारात रूपाली सिस्टर उभी होती. तिनं झाकणांकडं बघितलं, विशाखाकडं बघितलं आणि जिन्यावरून खाली नानासाहेबांना हाक मारली. नाव मात्र आधीच घेतलं, मालनबाईचं.

२

मालनबाई नऊ वर्षं कंत्राटावर सफाईला आहे. अकरा वाजता तिनं कपडे बदलायची खोली पुसली होती. नानासाहेबांना तेवढं पुरलं. ते नाकाला रुमाल लावूनच वर आले. आमच्या मजल्यावर त्यांना नेहमी वास येतो. आम्हाला येत नाही, कारण तो आमच्या पगारात धरलेला असतो.

"कुठल्या वस्तीतली आहे ती?" त्यांनी विचारलं. चोरी कशी झाली ते विचारलं नाही.

"सर, मी म्हणत होते ना," रूपाली म्हणाली. ती ओटीची सीनियर. सोळा वर्षांची नोकरी, घरचं बरं चाललेलं, स्वतःच्या गळ्यात दोन पदरी गंठण. एका हातानं ती विशाखाची पाठ चोळत होती. "रडू नको गं. अशा लोकांना कळतं लगेच, कुठं काय ठेवलंय ते."

झडती माझ्या खोलीत झाली, कारण आतून कडी लागणारी खोली माझीच. बाईची झडती बाईनं घ्यायची म्हणून रूपालीला सांगितलं. तिनं आधी हातमोजे चढवले, एकावर एक दोन. पोट फाडायच्या ऑपरेशनला सिस्टरला एक जोड पुरतो. मालनच्या अंगाला हात लावायला दोन लागले. चौदा वर्षं मी रक्ताच्या, लघवीच्या, पुवाच्या चादरी उलगडतेय. दोन जोड मी कधी चढवले नाहीत.

आणि मी काय केलं? खिडकीतून दिसू नये म्हणून चादर आडवी धरली. मनात म्हटलं, तेवढीच तिची अब्रू राखतेय.

मालननं पदर सोडला, पोलकं सोडलं, अंबाडा सोडला. रूपालीनं तिच्या डब्यातली भाकरी मोडून बघितली, भाजीत चमचा फिरवला. मंगळसूत्र नाही म्हणजे नाही.

बाहेर नानासाहेबांनी घड्याळ बघितलं. एक वाजून वीस मिनिटं.

"तीन वाजेपर्यंत वस्तू आली नाही तर पोलीस. नाव हिचंच देणार."

तेव्हा मालन बोलली. "साहेब, माझी लेक नर्सिंगला हाय. म्होरच्या महिन्यात टिरेनिंगला हितंच यायचीय. चोराची लेक म्हनून यील का ती?"

नानासाहेबांनी रुमाल दुसऱ्या हातात घेतला.

"सर," रूपाली मध्येच म्हणाली, "तोपर्यंत ओटीच्या मागच्या कचऱ्याच्या बॅगा तरी हिला नेऊ द्या. वास सुटेल. बाकी कोण हात लावणार त्यांना?"

"काही नको. एक बॅग हलणार नाही. हिला इथंच बसवा."

मला तेव्हा वाटलं, चला, रूपालीनं निदान या बाईला दोन पावलं मोकळं सोडा असं तरी म्हटलं. माझी अक्कल तेव्हा तेवढीच चालली.

३

मालन धुण्याच्या गाठोड्यावर बसली. मी तिला पाणी दिलं. तिनं घेतलं, पण माझ्याकडं बघितलं नाही.

"मालन, सकाळपासून बाहेर किती वेळा गेलीस?"

"चार खेपा. मागल्या गेटातून कचऱ्याच्या खोलीला."

"मोतीराम तपासतो?"

"मला?" तिला हसूच आलं. "पिवळी बॅग दिसली की तोंड फिरवून हुभा ऱ्हातो त्यो. सिस्टर लोकांच्या पर्शी मातर रोज उघडून बघतो, औषधं जात्यात म्हनून."

इथं माझी पहिली गाठ सुटली. सोनं मालनला न्यायचं असतं तर ती पुढच्या खेपेला घेऊन गेली असती, कुणी अडवलं नसतं. खोटा हातमोजा बांधायचा, त्यात वजनाला झाकणं भरायची, विशाखासारखं 'वि' काढायचं, हे उद्योग तिला कशाला? हे उद्योग करणाऱ्याला वेळ पाहिजे होता. विशाखानं हातमोजा ड्यूटी संपल्यावर सोडावा, म्हणजे तोवर सोनं बाहेर गेलेलं. सासूबाई दोनला घ्यायला येणार म्हणून तिनं तो तासभर आधीच सोडला, हे त्या माणसाच्या गणितात नव्हतं.

आणि वेळ त्यालाच पाहिजे, ज्याची पर्स गेटवर उघडते.

मी अतुलला गाठलं. हा ओटीचा टेक्निशियन, भुलीचं मशीन बघतो. मालननंतर बाकीच्यांच्या बॅगा बघायला घेतल्या, तेव्हा त्यानं आपली उघडायला साफ नकार दिला होता, त्यामुळं सगळे त्याच्याकडं तिरपे बघत होते.

"अतुल, तू सकाळी दोनदा बाहेर गेलास."

"फोन आला होता, मावशी."

"बॅगेत काय आहे?"

त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि एक कागद दाखवला. दुसऱ्या दवाखान्याचं नोकरीचं पत्र. "एक तारखेला जातोय. नानासाहेबांना कळलं तर या महिन्याचा पगार अडकवतील. सांगू नका."

"आणि दुसरं कोण बाहेर गेलं?"

"सिझर चालू असताना? विशाखा तर हात धुऊन टेबलाशी, ती हलूच शकत नाही. डॉक्टरीणबाईही तशाच. रूपाली सिस्टर गेल्या की, तुमच्याकडंच. चादर आणायला."

खरंच होतं. सव्वादहाला रूपाली धापा टाकत आली होती. "मावशी, एक चादर द्या पटकन, हातातली खाली पडली." ओटीत जमिनीला लागलेलं काही वापरत नाहीत. मी दिली.

खाली गेटवर मोतीराम तंबाखू मळत होता.

"गेटावरनं हललो नाय, मौशी. कसम सांगतो. उगा मला मधी घेऊ नका."

"कुणी अनोळखी आलं होतं?"

"चोर कोण येतंय? एक पोरगा तेवढा दोन डाव येऊन गेला. सकाळच्या सिझरवाल्यांचा. वार कधी मिळंल म्हनून इचारत होता."

बाळाच्या मागून जी वार पडते, ती आपल्याकडं बरेच जण मागून नेतात आणि आपल्या जागेत पुरतात. आमच्याकडं ती पिवळ्या पिशवीत बांधून, पेशंटचं नाव लावून बाजूला ठेवतात आणि ओटी आटोपली की मालन नेऊन देते. मालनच देते. नऊ वर्षांत मी दुसऱ्या कुणाच्या हातात ती पिशवी बघितली नाही.

"पुन्हा आला तर त्याला जाऊ देऊ नको," मी म्हटलं. "वर घेऊन ये. वार इथंच मिळते म्हणावं."

"वर? वार?"

"ये म्हटलं ना."

४

परत आले तर माझ्या दारात एक म्हातारी उभी. सकाळच्या सिझरच्या पेशंटची, मोनिकाची, आई. दगडाबाई.

"बाई, लेकराला गुंडाळायला एखादी जुनी मऊ चादर आसंल तर द्या. नवं टोचतंय त्येला."

मी जुन्या चादरीचे चार तुकडे फाडून दिले. तिनं ते गालाला लावून बघितले.

"दगडाबाई, वार न्यायला तुमचा कोण मुलगा आलाय?"

"आमचा? आमच्याकून कोनीच नाय. जावई गाडीवर हाय, सांच्याला यील."

"म्हणजे वार मागितली नाही तुम्ही?"

"नाय वो." ती खालच्या आवाजात म्हणाली, जणू तिचाच काही गुन्हा. "वेरूळला भाड्याच्या खोलीत ऱ्हातो आमी. पुरावं म्हनलं तर हातभर जिमीन कुठं हाय? डॉक्टरीणबाईला सकाळीच सांगितलं, तुमचं तुमी बघा."

ती गेली. मी दार लावलं आणि सकाळच्या सिझरचं गाठोडं जमिनीवर सोडलं. हे काम मी रोज चारला करते. अजून अडीच वाजायचे होते, पण तीनला पोलीस येणार होते.

सिझरला मी आठ चादरी दिल्या होत्या, वरची एक रूपालीला. नऊ. रक्त अजून ओलं होतं, कोपरापर्यंत लागलं. मोजल्या. आठ माखलेल्या. नववी कोरडी.

कोरडी असायला हरकत नव्हती. एक जमिनीवर पडली, तिच्याऐवजी माझ्याकडची वापरली, तर पडलेली कोरडीच परत येणार. पण पडलेली चादर उघडलेली असते, चुरगळलेली असते. ही माझ्या घडीत होती. मी घडी घातली की एक टोक आत दुमडते. ते टोक तसंच होतं. म्हणजे चादर पडलीच नव्हती. जी नेली, तिलाही कुणी हात लावला नाही. आणून नुसती गाठोड्यात टाकली होती.

रूपाली चादरीसाठी आली नव्हती. तिला ओटीतून बाहेर पडायचं होतं. माझ्या खोलीच्या वाटेवर कपडे बदलायची खोली लागते.

आणि सिझरमध्ये वार उचलून पिशवीत घालायचं काम कुणाचं? टेबलाशी हात धुऊन उभ्या राहिलेल्या सिस्टरचं नाही. मोकळी फिरणारी सिस्टर असते, तिचं.

मी तशाच हातांनी उठले.

५

ओटीच्या मागं पिवळ्या बॅगा भिंतीला लावून ठेवल्या होत्या. वास सुटला होता, ते रूपालीचं खरं. बाजूला एक लहान पिशवी, वर चिठ्ठी: 'मोनिका. नातेवाईकांना देणे.' अक्षर रूपालीचं. त्या अक्षरातल्या चिठ्ठ्या मी रोज वाचते.

मी सगळ्यांना बोलावलं. नानासाहेब दारातच थांबले. विशाखा आली, अतुल आला, मालनला मी हाताला धरून आणलं. रूपाली शेवटी आली.

"मावशी, हे काय चाललंय? तुम्ही कपडे मोजा ना," ती म्हणाली.

"मोजले. नऊ निघाले. एक माझ्या घडीतच परत आला."

ती म्हणाली, "लागला नाही, परत टाकला. त्यात काय?"

"तू म्हणालीस, पडली. पडलेली कुठं आहे?"

"सर, ही बाई..."

"आणि ही वार कुणाला द्यायची होती? पेशंटच्या आईनं तर नको म्हणून सांगितलंय."

नानासाहेब रुमालातून म्हणाले, "मावशी, ते उघडू नका इथं. कृपा करा."

मी उघडली. हातमोजे घातले नाहीत. घालायला हवे होते, नियम तसा आहे, पण त्या क्षणी मला हातमोज्यांचीच शिसारी आली होती. वार अजून कोमट वाटली, किंवा तो माझा भास असेल. त्या मऊ, निसरड्या मांसाखाली बोटाला काहीतरी कडक लागलं. गाठ मारलेला हातमोजा. वर 'वि'.

विशाखा पुढं आली आणि दोन पावलांवर थांबली. अतुल खिडकीकडं पळाला.

"कुणीही टाकलं असेल त्यात," रूपाली म्हणाली. आवाज शांत होता तिचा, अजूनही. "ही रोज इथंच असते. हिनंच टाकलं असेल."

"आणि चिठ्ठी तुझ्या हातून लिहून घेतली?"

तेवढ्यात मागच्या जिन्यावरून मोतीराम वर आला. बरोबर पंचविशीतला एक पोरगा, हातात नवीकोरी कापडी पिशवी. त्यानं आम्हा सगळ्यांकडं बघितलं, उघडी पिवळी पिशवी बघितली आणि त्याचा चेहरा उतरला.

"ताई," तो रूपालीला म्हणाला, "तू तर म्हनली व्हतीस, ती बाईच आणून दील."

सत्यम. रूपालीचा सख्खा धाकटा भाऊ.

आता सगळं लख्ख होतं. सोनं स्वतःच्या पर्समधून न्यायला नको, मोतीराम बघतो. वार स्वतः नेऊन द्यायला नको, सिस्टरच्या हातात ती पिशवी दिसली तर अख्खा दवाखाना बघत राहील. मालन नेणार, कारण मालन रोज नेते. आणि वाटेत कुणी पकडलंच तर पकडलेला हातही मालनचाच. आवई मात्र तिनंच उठवली. मालनचं नाव घेतलं, मालनला बसवून ठेवलं, आणि पिशवी जागेवरच राहिली. कारण या इमारतीत तिला हात लावणारं दुसरं कुणी नव्हतं. सोनं चोरणाऱ्या बाईलाही ती उचलायची किळस आली. दोन वेळा ती त्या बॅगांपाशी येऊन गेली होती, अतुलनं नंतर सांगितलं. दोन्ही वेळा नाक धरून परत फिरली.

"का गं?" विशाखानं विचारलं. "तुला काय कमी होतं?"

रूपालीनं गंठणाला हात लावला. "रोज तू आरशासमोर पाच पाच मिनिटं उभी राहायचीस," ती म्हणाली. एवढंच होतं तिच्याकडं. मी काहीतरी मोठं कारण ऐकायला उभी होते, कान तसेच राहिले.

६

सोनं साबणाच्या पाण्यात मालननंच धुतलं. तीन पाण्यांतून काढलं आणि विशाखाच्या पुढं धरलं. विशाखानं हात पुढं केला, मागं घेतला आणि म्हणाली, "इथं ठेवा ना. टेबलावर."

मालननं टेबलावर ठेवलं. वारेची किळस की मालनच्या हाताची, हे मी विशाखाला विचारलं नाही. चांगली पोरगी आहे ती. म्हणूनच विचारलं नाही.

खाली सासूबाई पाऊण तासापासून थांबल्या होत्या. गळा झाकून विशाखा निघून गेली.

नानासाहेबांनी रूपालीला आणि सत्यमला आपल्या केबिनमध्ये बसवलं, दार लावलं. पोलिसांचं तीन वाजताचं बोलावणं साडेतीनपर्यंत मागं पडलं, मग त्याबद्दल कुणी बोलेनाच. वस्तू मिळाली ना, दवाखान्याचं नाव जाईल, डॉक्टरीणबाईंना त्रास नको. मालनला त्यांनी बाहेर येऊन सांगितलं, "झालं ते झालं, मालनबाई. आज लवकर घरी गेलात तरी चालेल." रुमाल तसाच होता.

"साहेब, मगा तर पोलीस बोलवत व्हते."

"अहो, तेव्हाचं वेगळं होतं."

"व्हय," मालन म्हणाली. "वेगळंच व्हतं."

ती माझ्या खोलीत आली. केस अजून सुटेच होते. तिनं ते माझ्या आरशात बघून बांधले, सावकाश. नऊ वर्षांत त्या आरशासमोर मी तिला पहिल्यांदा बघितलं. मग टेबलावरचं माझं पॅड तिनं माझ्याकडं सरकवलं.

"अक्का, तुमचं अक्षर चांगलं हाय. लिहून द्या. मीच जाते पोलिसात."

"चोरीचं?"

"चोरी त्यांची ते बघतील. माझी झडती घेतली, त्येचं लिवा. कोनी कोनी घेतली त्यांची नावं."

मी लिहायला बसले. हात धुतले होते, तरी कागदाला डाग पडला. लिहिलं: नानासाहेब, मॅनेजर, यांनी सांगितली. रूपाली, सिस्टर, हिनं घेतली.

"बास?" मी विचारलं.

मालन खुर्चीत बसली होती, माझ्या समोर. आतापर्यंत ती माझ्याकडं बघत नव्हती. आता बघितलं.

"हितं तीन जनी व्हतो, अक्का."

बाहेर क्रांती चौकातल्या पोलीस ठाण्याकडं जायला रिक्षा भोंगा वाजवत थांबली होती. तिनंच बोलावली असणार. मी पेन पुन्हा उचललं. तिसऱ्या ओळीवर माझं नाव लिहिलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, पूर्ण. पुढं लिहिलं: हिनं चादर धरली.

मालननं कागद हातात घेतला, सगळा वाचला आणि सही केली.